तीन नंबरच्या पडद्याला बेचाळीस मार्क

लालबी नदाफला पांढऱ्या रंगाचे अकरा प्रकार ओळखू येत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं चेकिंगच्या टेबलाशी उभी होती. समोर गठ्ठा यायचा. एकेक टॉवेल ट्यूबलाइटखाली पसरून ती त्यावर हात फिरवायची आणि धागा सुटलेला, तेलाचा ठिपका पडलेला, शेड हललेली असा माल बाजूला टाकायची. तिनं ‘सेकंड’ म्हटलेला टॉवेल परत चांगल्या मालात घालायची सुपरवायझरचीही छाती नव्हती.

पुण्याला दिलेल्या लेकीनं, अरिबानं, आईच्या वाढदिवसाला फोनवरूनच सिनेमाची दोन तिकिटं काढून पाठवली. थिएटर नवंकोरं, शहराबाहेर हायवेला लागून उभं राहिलेलं. नाव चंद्रकिरण, पडदे चार. लालबी आणि तिचा नवरा शेखलाल रविवारी दुपारच्या खेळाला गेले. शेखलालनं आयुष्यभर रिक्षा चालवली होती आणि आता गुडघ्यांनी त्याला घरी बसवलं होतं. एसीची गार हवा लागली तशी दहाव्या मिनिटाला त्याची मान कलली.

लालबी मात्र टक्क जागी. पडद्यावर भर दुपारचं लग्न चाललं होतं आणि ऊन कुठं दिसेना. बाहेरच्या पोस्टरवर नवरीची साडी पोपटी होती. आत ती वाटाण्याच्या उसळीसारखी दिसत होती. पडद्याच्या उजव्या कडेला अक्षरं आली की त्यांच्या कडा फुटत होत्या. तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळे पॉपकॉर्न खात निवांत बसलेले.

खेळ संपल्यावर ती थेट मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर हृषीकेश म्हणून तिशीच्या आतला मुलगा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

“साहेब, तीन नंबरचा पडदा अंधारा हाय. उजव्या अंगाला अक्षरं पण फुटत्यात.”

“मावशी, आमच्याकडे सगळं डिजिटल आहे,” तो हसून म्हणाला. “कॉम्प्युटरवर चालतं. त्यात असं काही होत नाही. आज दोनशे लोकांनी पाहिला, कुणी काही बोललं नाही.” मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, “डोळे तपासून घ्या एकदा. या वयात होतं असं.”

लालबी खोलीतून बाहेर पडली. परतीच्या रिक्षात शेखलाल दोनदा काहीतरी म्हणाला, ते तिच्या कानावरून गेलं. त्या पोराला काय माहीत, की दोन महिन्यांपासून सुपरवायझर सिद्धलिंग आडून आडून सुचवत होता, पन्नाशीपुढच्या बायकांनी आता टॉवेलच्या घड्या घालायच्या खात्यात जावं, तिथं नजरेचं काम नाही. ती त्याला उडवून लावायची. पण आता तिलाच शंका आली. खरंच डोळे गेले असतील तर? मग गेल्या दोन महिन्यांत जो माल तिनं चांगला म्हणून सोडला, त्याचं काय? दुसऱ्या दिवशी टेबलाशी ती एकेक टॉवेल दोनदा बघू लागली आणि संध्याकाळी प्रथमच तिचे गठ्ठे उरले.

बुधवारी अर्धी रजा टाकून ती डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. तिला तक्त्यासमोर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ लालबीनं दोन्ही डोळ्यांनी न अडखळता वाचली.

“लांबचं एकदम चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “जवळचा नंबर थोडा वाढलाय, चष्मा बदलू. रंगही सगळे बरोबर सांगितलेत.”

“हे मला कागदावर लिहून द्या,” लालबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो कागद तिनं सिद्धलिंगच्या टेबलावर ठेवला. “घडीला पाठवायचं असंल तर कारण लिहून द्या. डोळ्याचं सोडून कुठलंबी लिवा.” सिद्धलिंगनं कागद वाचला, परत दिला आणि पुढं तो विषय काढला नाही.

डोळे ठीक होते, म्हणजे दोष पडद्यात होता. पण लालबी म्हणते म्हणून तो कोण मानणार? कारखान्यात कुठलाही माल नुसता बघून नापास करत नसत. पास झालेला नमुना शेजारी ठेवायचा आणि मगच बोलायचं. तिनं ठरवलं, तोच सिनेमा गावातल्या इतर थिएटरात बघायचा.

घरात बोलणं दखनीत चालायचं, पण लालबीची रागाची भाषा कारखान्यातली, मराठी. “उठा,” ती शेखलालला म्हणाली, “पिच्चरला जायचंय.”

“पुन्हा? त्याच पोरीचं लगीन?”

“तेच.”

नऊ दिवसांत त्यांनी ते लग्न आणखी तीन ठिकाणी पाहिलं. शेवटच्या वेळी शेखलाल म्हणाला, “आता माझं नाव पत्रिकेत छापा. एवढ्या वेळा तर पोरीचा सख्खा मामा पण आला न्हाय.” पण गुडघे चोळत तो प्रत्येक वेळी गेला.

टॉवेलच्या पेटीतला एक पुठ्ठा घेऊन लालबीनं त्यावर मार्क मांडले. शंभरातले तीस उजेडाला, कारण उजेडच नसेल तर बाकीचं काय बघायचं? अक्षरांच्या कडा साफ दिसण्याला वीस, आवाजाला वीस. पडदा डागाळलेला आहे का, आत पुरता अंधार होतो का, खेळ वेळेवर सुरू होतो का, याला दहा-दहा. खुर्ची, एसी, पॉपकॉर्न यांना तिनं एकही मार्क ठेवला नाही. बसायला तर घरी सतरंजी आहे, असं तिचं म्हणणं.

निकाल तिलाही नवलाचा वाटला. पेठेतलं जुनं, एकाच पडद्याचं थिएटर, जिथं खुर्च्यांचा काथ्या बाहेर आलाय आणि पंखा करकरतो, त्याला एकोणऐंशी मिळाले. चंद्रकिरणच्या तीन नंबरला बेचाळीस.

असं का, ते विचारायला ती पेठेतल्या थिएटरच्या जिन्यानं वर चढली. वरच्या खोलीत जोतिराम नावाचा म्हातारा ऑपरेटर मशीनसमोरच्या खिडकीची काच मऊ फडक्यानं पुसत होता.

“रोज पुसता व्हय?”

“दर खेळाला, भाभी. धूळ बसली की पिच्चर मळतो.” तिनं तीन नंबरचं सगळं सांगितल्यावर तो हसला. “पडदा अंधारा, रंग गढूळ? तिथं थ्रीडीचा पिच्चर लागलेला का मध्ये?”

“असंल. पोरं गॉगल घालून जात होती म्हणं.”

“मग बघायलाच नको. थ्रीडीला भिंगापुढं एक काच सरकवत्यात. ती काढायची राहिली असणार. निम्मा उजेड तिच्यातच मरतो. तिथं वर माणूसच नसतो ना, बघणार कोण?”

पुढच्या रविवारी लालबी पुठ्ठा घेऊन चंद्रकिरणला गेली. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं उत्तर मिळालं. त्याच्या पुढच्या रविवारी वॉचमन म्हणाला, तिकिटाशिवाय आत बसता येणार नाही. तिनं तिकीट काढलं, त्याला दाखवलं आणि सिनेमाला न जाता अडीच तास मॅनेजरच्या दारापुढच्या बाकावर बसून राहिली. हृषीकेश मागच्या दारानं निघून गेला. तिसऱ्या रविवारी ती सकाळी नऊलाच हजर होती, पहिल्या खेळाच्या आधी. बरोबर शेखलाल.

हृषीकेश दारातच थबकला. “मावशी, तुमचा पुठ्ठा द्या, मी हेड ऑफिसला पाठवतो.”

“पाठवू नका. मी सांगते म्हणून मानू पण नका. दोन नंबरला आणि तीन नंबरला एकच जाहिरात लावा आणि सोताच्या डोळ्यांनी बघा. पाच मिनिटाचं काम हाय. न्हाय पटलं तर मी पुन्हा हितं पाय ठेवणार न्हाय.”

बहुधा त्या शेवटच्या वाक्यासाठीच तो कबूल झाला. दोन्हीकडे टूथपेस्टची जाहिरात लावली. तो दोन नंबरमध्ये गेला, बाहेर आला, तीन नंबरमध्ये गेला. मग परत दोन नंबरमध्ये गेला. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

“दात पिवळे दिसतायत,” तो हळूच म्हणाला.

लालबीनं जोतिरामचं म्हणणं सांगितलं. हृषीकेशनं पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला आणि फोन कानाला धरूनच वर मशीनच्या खोलीत गेला. लालबी रिकाम्या थिएटरात मधल्या रांगेत बसली. शेखलाल शेजारी डुलकी काढत होता. जाहिरात पुन्हा पुन्हा फिरत होती. मग वर काहीतरी खट्‌ वाजलं आणि पडद्यावर एकदम उजेड सांडला. हसणारीचे दात, तिच्या मागची भिंत, खिडकीतलं ऊन, सगळं लख्ख झालं. शेखलाल दचकून उठला.

“काय गं, लाइट आली काय?”

लालबीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिनं पदरानं पुसलं आणि पुन्हा पडद्याकडं बघितलं, नीट, कडेपर्यंत.

हृषीकेश धावतच खाली आला. “चार महिने, मावशी! चार महिने ती काच तशीच होती. आता किती मार्क?”

“चौसष्ट. उजवा कोपरा अजून फुटतोय.”

कोपऱ्यासाठी इंजिनिअरनंच यायला हवं होतं आणि त्याला यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात लालबी दर रविवारी फोन करायची. हृषीकेशनं तिचा नंबर ‘चेकिंग मावशी’ म्हणून टिपून ठेवला होता आणि तो दर वेळी उचलायचा. इकडं पुठ्ठा कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या फळ्यावर लागला. बायका डबा खाताना तो वाचू लागल्या. मग त्याचे फोटो फोनवरून फिरले, आणि एका थिएटरवाल्यानं निरोप पाठवून विचारलं, की आमचे आवाजाचे सहा मार्क कशात गेले.

कोपरा दुरुस्त झाल्यावर लालबीनं चंद्रकिरणच्या तीन नंबरला सत्त्याहत्तर दिले. हृषीकेशचा त्याच दुपारी फोन आला.

“पेठेतल्यापेक्षा दोन कमी? मावशी, तिथल्या खुर्च्या पाहिल्यात का तुम्ही?”

“खुर्चीला मार्क न्हाईत. तुमच्या जाहिराती वीस मिनिटं चालत्यात, त्याचे कापलेत. वेळेवर सुरू करा, खोडून नवीन लिहिते.”

“ते माझ्या हातात नाही. हेड ऑफिसचं आहे.”

“मग हेड ऑफिसचा नंबर द्या,” लालबी म्हणाली आणि लिहून घ्यायला पेन शोधू लागली.