खोल खाचांचा टायर
नव्या रबराचा वास आला की मला गोहलपुरातलं ते टायरचं दुकान आठवतं. लढाईचे दिवस होते, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतल्या आमच्या क्वार्टरांपुढे विमानहल्ल्याच्या भीतीनं खंदक खणलेले होते. आमच्या ह्यांची मोटरसायकल एकच, कामं मात्र दोन: डांबरी रस्त्यानं फॅक्टरी गाठायची आणि मला काळ्या मातीच्या वाटेनं खेड्यातल्या शाळेवर शिकवायला सोडायचं. दुकानात नखानं रबर दाबून दाबून शेवटी हे म्हणाले, "पुढचा साधाच राहू दे, मागचा खोल खाचांचा घेऊ. चिखलात धरेल." चाकाच्या आऱ्यांच्या ताराही जाड बसवून घेतल्या. "पण डांबरावर कसा चालेल?" मी विचारलं. "चल, पाहूनच घेऊ." डांबरावर तो टायर चक्क घुमायला लागला, वेग वाढला तसा आवाजही चढला. मला इतकी गंमत वाटली की मी म्हटलं, "अजून जोरात घ्या ना!" तशाच भरधाव आम्ही क्वार्टरांत शिरलो, तर माणसं धडाधड खंदकात उड्या टाकत होती. ह्यांनी गाडी थांबवली, आवाजही थांबला. शेजारच्या काकूंनी खंदकातून डोकं वर काढलं. हातात लाटणं तसंच. "गेलं का जी विमान?" "काकू, विमान नाही, आमचा टायर आहे." कोणी हसलं नाही. "बदलून टाका भैया, लेकरं भिऊन राहिली," काकू म्हणाल्या. टायर बदलला असता तर पावसाळाभर माझी शाळा बुडाली असती. म्हणून हे रोज क्वार्टरांच्या फाटकाशी उतरायचे आणि गाडी ढकलत घरापर्यंत आणायचे. लढाई संपल्यावरही ती सवय गेली नाही. आजही रस्त्यावरून ट्रॅक्टर घुमत गेला की मी आधी आकाशाकडे पाहते, आणि मग उगाच फाटकाकडे.