तिन्ही शिफ्टची भुतं

मधू बागूल गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं, रेखानं केला, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. आधी त्याची वही आठवली. सांगायला लाज वाटते, पण चाळीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मला काळजी पडली ती त्या वहीत माझं नाव असेल याची. रेखा म्हणाली, "काका, बाबा सांगून गेलेत. सगळ्यांना बोलवायचं, वही वाचायची आणि ज्याची वस्तू त्याला परत द्यायची." मी हो हो म्हणालो आणि फोन ठेवला.

सातपूरच्या एका कारखान्यात मधू फायनल इन्स्पेक्शनला होता, मी स्टोअरला. त्यानं पास केलेला माल कधी परत आला नाही. आडनाव बागूल, त्यामुळे सगळे त्याला बुवा म्हणायचे; पण भुतांचा नाद त्याला लागला तो एका हेल्मेटमुळे. आमच्या एका टर्नरनं ते जुन्या बाजारात घेतलं होतं, आणि घातलं की मागच्या सीटवर कोणीतरी बसलंय असं त्याला वाटायचं. फेकायचीही सोय नाही, ते 'कोणीतरी' चिडलं तर? मधू म्हणाला, दे इकडे, आता ते माझ्या मागे बसेल. टर्नर त्या दिवशी शीळ घालत घरी गेला. मग काय, बातमी पसरली. मालेगावहून कोणी मागाचा धोटा आणला, तो म्हणे बंद पेटीत टकटक करायचा. पेठकडची एक म्हातारी आरसा घेऊन आली, त्यात तिची मेलेली सवत दिसायची. मधू प्रत्येक वस्तूला कारखान्यातल्यासारखं पिवळं लेबल दोऱ्यानं बांधायचा, 'निरीक्षणाखाली'. मग एकवीस दिवस निरीक्षण, तेही तिन्ही शिफ्ट, कारण भूत फक्त रात्रपाळीलाच येतं हे कोणी ठरवलं, असं त्याचं म्हणणं. त्याची वही चाळली की भुतांचा इतिहासच कळायचा: पहिल्या पानांवर मुंजे आणि हडळी, मधे स्कूटर आणि टीव्ही, शेवटी गेलेल्या माणसाचा वाजणारा मोबाइल. रिजेक्ट केली ती एकच वस्तू, पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याचा काटा. भुतामुळे वजन कमी दाखवतो, अशी व्यापाऱ्याची तक्रार होती. मधूनं शेरा मारला, 'भूत नाही. मालक तपासावा.'

आणि मी कोण? मी विवेकवादी. शाळाशाळांतून जिभेवर कापूर जाळून दाखवणारा. या भुतांपायी मी मधूशी कडाकडा भांडलोय. लोकांना तोंडावर का सांगत नाहीस की भूतबित काही नसतं? तो शांतपणे म्हणायचा, "अरे, माणूस डोक्यावर ओझं घेऊन दारात उभाय. आधी ओझं उतरवू, मग शहाणं करू." मी दोन-दोन महिने त्याच्याशी बोलायचो नाही.

मग सुमन गेली, माझी बायको. तिचं एक किल्लीचं गजराचं घड्याळ होतं. नळाला पाचला पाणी यायचं, त्यासाठीचं. संध्याकाळी बातम्या बघताना किल्ली द्यायची, एवढंच माझं काम. सकाळी गजर झाला की ती हाक मारायची, मी "उठलो गं" म्हणून कूस बदलायचो, आणि पाणी तीच भरायची. ती गेल्यावरही ते रोज पाचला वाजायचं. गजराच्या किल्लीला मी हातसुद्धा लावत नव्हतो, अगदी शपथेवर सांगतो. तीन महिने कसेबसे काढले... आणि एका दुपारी घड्याळ पिशवीत घालून चोरासारखा मधूकडे गेलो. शेजाऱ्याचं आहे म्हणालो. त्यानं विचारलं, शेजाऱ्याची बायको जाऊन किती दिवस झाले? तीन महिने, मी म्हटलं. त्यानं मान खाली घालून लेबल लिहिलं. एकवीस दिवसांनी म्हणाला, "शेजाऱ्याला सांग, वाजतं. रोज पाचला वाजतं, आणि मी उठतो. काळजी करू नको म्हणावं." मला इतकं बरं वाटलं... विवेकवादी माणसाला इतकं बरं वाटायला नको होतं.

तर ती वही सोसायटीच्या हॉलमध्ये वाचली जाणार, आणि पहिल्या रांगेत आमची कापूरवाली मंडळी बसलेली. रेखा एकेक नाव वाचत गेली. टर्नरनं हेल्मेट घेतलं, घातलं मात्र नाही. म्हातारीच्या नातवानं आरसा पालथा धरून नेला. मी दाराकडे बघून घेतलं. 'गजराचं घड्याळ' एवढं वाचून रेखा थांबली. लहानपणी आमच्या घरी तिनं ते शंभरदा पाहिलेलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पान उलटलं. सगळे गेल्यावर तिनं पिशवी आणि वही माझ्यापुढे ठेवली. मालकाच्या रकान्यात मधूनं लिहिलं होतं, 'शेजारी'. खाली शेरा: 'एकवीस दिवस, तिन्ही शिफ्ट. एकदाही वाजलं नाही. किल्ली मालक सवयीनं स्वतःच देत असणार. सांगू नये. वाजतं म्हणावं.' जन्मभर खोटा रिपोर्ट न दिलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला होता. तेव्हा मात्र मी हमसून हमसून रडलो, मधूसाठी आणि सुमनसाठीही.

घड्याळ आता टीव्हीशेजारी आहे, मधूच्या अक्षरातलं पिवळं लेबल तसंच लटकतंय. परवा संध्याकाळी बातम्या बघताना माझा हात आपोआप गजराच्या किल्लीकडे गेला. रंगेहाथ पकडला मी त्याला. मग म्हटलं, दे बाबा... आणि दिली. सोसायटीत टाकी झालीय, पाण्यासाठी कोणी उठायची गरज उरलेली नाही. तरी पाचला ते घणघणलं, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "उठलो गं." आणि खरंच उठलो.