मनोहररावांची मधली भिंत

मनोहररावांना मी ओळखू लागले त्याआधी त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, ओळखू लागले. तेही स्वच्छतागृहाच्या रांगेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महाडात आमच्या संस्थेचे सभागृह उभे राहिले. आराखडा मनोहररावांचा. उद्घाटनाच्या मध्यंतरात वहिनी रांगेत माझ्यापुढे होत्या. त्यांचा नंबर येणार, एवढ्यात आतून पुकारा झाला, "मनोहररावांनी सपत्नीक व्यासपीठावर यावे!" वहिनी घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आता नंबर सोडला तर काही खरं नाही." मनोहररावांनी शाल-श्रीफळ एकट्यानेच घेतले. शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

मनोहरराव अतिशय काटेकोर. कुणावर अन्याय नको म्हणून पुरुषांना आणि बायकांना त्यांनी अगदी सारखी जागा दिली होती, मधोमध भिंत घालून. पण तेवढ्याच जागेत पुरुषांकडे मुताऱ्यांची ओळ बसली, बायकांकडे जेमतेम दोन संडास. लुगडे सावरायचे, कडेवरचे मूल सांभाळायचे, यालाही वेळ लागतो. सत्कार आटोपून ते रांगेपाशी आले, बघत राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, "चुकलंच माझं. भिंत सरकवायला हवी." असे म्हणणारा इंजिनियर मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढे प्रत्येक बैठकीत त्यांनी हा विषय काढला. "सारखं दिलंय की! आणखी काय हवं?" म्हणत आमच्या कार्यकारिणीने तो दरवेळी चहाबरोबर गिळला. मनोहरराव रागावले नाहीत. मध्यंतर झाले की ते पुरुषांच्या दाराशी उभे राहत, आतले सगळे बाहेर आले की ते दार बायकांना मोकळे करून देत आणि कुरकुरणाऱ्या पुरुषांना पलीकडच्या शाळेत पिटाळत. एकदा पोलादपूरकडच्या एक आजी सुनेला सांगत होत्या, "पाणी नको पिऊ गो, हितं नंबर लागत नाय." ते ऐकून मनोहररावांचा चेहरा पडला.

भिंत आजही तिथेच आहे. मनोहररावांच्या पंचाहत्तरीच्या सोहळ्याचे निमंत्रण घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माझे गुडघे आता रांगेत उभे राहू देत नाहीत गं. यांचा सत्कार करा, मी घरीच बरी." मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे आम्ही त्यांचे गोडवे गातो आहोत, पण त्यांचे एक साधे म्हणणे काही ऐकले नाही.

हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा मनोहरराव त्याच व्यासपीठावर असतील आणि शेजारची खुर्ची पुन्हा रिकामी असेल. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि त्यांच्या पुढच्या सत्काराला वहिनी शेजारी बसोत, घरून पोटभर पाणी पिऊन.