वालूरच्या रस्त्यावरचं पाणी

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांच्याजवळ सगळं बोलतो त्या वाघमारे सरांना तर नाहीच. किती वेळा सांगायला म्हणून बसलो आणि गाडीबद्दलच बोलत राहिलो. आताही सुरुवात गाडीपासूनच होणार — दुसरीकडून मला यात शिरताच येत नाही.

गाडी हा माझा आवडता विषय. सेलूत आमच्या शाळेत कुणी गाडी घेतली, नवी असो की जुनी, की मी त्याला गाठून ऐकवणार. काटा बघत जा. रस्ता बघता तसा अधूनमधून तापमानाचा काटाही बघत जा. नुसतं पाणी नको, कूलंट घाला. गाडी तापायला लागली की एसी बंद, हीटर चालू, आणि जागा बघून गाडी बाजूला. वाफ येत असताना रेडिएटरचं झाकण उघडाल तर तोंड भाजून निघेल, तेव्हा इंजिन निवेपर्यंत गप बसा. पोरं माझ्यामागे मला 'काटे सर' म्हणतात. मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू! बघा, किती सहज निघून गेलं तोंडातून.

तर तो मे महिना होता. पाच-सहा वर्षं झाली असतील. आईला तिच्या बहिणीकडे, वालूरच्या पुढच्या एका खेड्यात सोडायला निघालो होतो. मागच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर कुरडयांचा डबा. त्याआधी आठवडाभर गाडीखालच्या फरशीवर हिरवे थेंब दिसत होते. होज पाइपाला चीर गेलेली, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. मिस्त्रीकडे उद्या जाऊ, परवा जाऊ, असं चाललेलं. डिकीत मी पाण्याचा कॅन ठेवतो, तोही त्या दिवशी रिकामा, कारण निघताना त्याच पाण्याने काचा धुतल्या होत्या. काच चकचकीत हवी ना सरांची! वालूर मागे पडलं आणि काटा चढायला लागला. मी बघितला. जगाला शहाणपण शिकवणारा मी — काटा बघितला आणि म्हटलं, पुढे एखादं झाड लागेल, तिथे थांबू. झाड काही लागलं नाही. आधी गोडसर वास आला, मग बोनेटच्या फटीतून वाफ.

गाडी थांबली ती एका वस्तीसमोर. चार-सहा घरं, एक छोटा विहार, त्यावर निळं निशाण. वस्ती कुणाची ते मला लगेच कळलं. ते इतक्या लगेच का कळावं लागतं, हे मात्र मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पहिल्याच घरातून एक बाई बाहेर आल्या. नाव उषाबाई, तिथल्या अंगणवाडीत काम करायच्या, वयाने माझ्याएवढ्याच. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, मागच्या सीटवरच्या आईकडे बघितलं.

"माय, उतरा तुमी. आत या, लय ऊन हाय. भाऊ, तुमीबी या. गाडी काय पळून जायलीय का?"

त्यांनी ओसरीत बाज टाकली, पंखा आईकडे वळवला. गाडीला पाणी लागेल म्हटल्यावर कोपऱ्यातल्या टिपाडाकडे बोट केलं. "घ्या की, लागंल तेवढं." तिकडे मे महिन्यात पाणी टँकरचं. तो पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता आणि टिपाड अर्ध्याच्या खाली गेलं होतं. इंजिन निवल्यावर मी पाइपाच्या चिरेवर त्यांनीच शोधून दिलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली, झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूहळू सैल केलं, आणि त्यांच्या घागरीने पाणी भरलं. मग इंजिन चालू ठेवून आणखी थोडं थोडं. गाडी चालायला लागली. ओळख ना पाळख, आणि त्या माउलीने साठवणीचं पाणी माझ्या लोखंडाला दिलं. त्या घागरीची आठवण आली की आजही मन भरून येतं.

इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगितलेलं आहे आणि ते खरं आहे. पण मधे एक अर्धा तास होता. इंजिन निवायची वाट बघत मी ओसरीच्या कडेला बसलो होतो तो. तेवढा अर्धा तास मी सांगताना बदललाय.

उषाबाई तांब्या आणि दोन पेले घेऊन आल्या. पहिला पेला त्यांनी आईपुढे केला. आईने हात पुढे करायच्या आत मी बोललो, "आईला नको. तिचा आज निर्जळी उपवास आहे."

कसला उपवास? आई सकाळी पोहे खाऊन निघाली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. आईने काही खूण केली नव्हती. मग मी का बोललो? तिला हे चालणार नाही, तिची पंचाईत होईल, असं वाटलं मला. खरंच असं वाटलं — की आईचं नाव पुढे करून मी माझीच सुटका बघत होतो?

आईने माझ्याकडे बघितलं. मग उषाबाईंकडे वळून म्हणाली, "कुठला उपास गं माय? ह्याचं काय आयकतीस? आण इकडं." पेला बाजूला राहिला, तिने तांब्याच उचलला. तो संपवून आणखी एक मागून घेतला. "जीव आला बघ," म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग दुसरा पेला माझ्यासमोर आला.

माझे ओठ सुकले होते. जीभ टाळूला चिकटली होती. आणि मी म्हणालो, "मला नको. मी आत्ताच गाडीत प्यायलो." डिकीतून काढून आणलेला रिकामा कॅन माझ्या पायाशीच पडला होता.

पाणी गढूळ होतं का? नाही. पेला माझ्या घरच्यापेक्षा लख्ख होता. शाळेत वाघमारे सरांच्या डब्यातली भाकरी मी रोज खातो. ते बौद्ध आहेत, आणि असलं काही आपल्यात नाही याची मला त्या डब्यामुळेच खात्री होती. वर्गात समतेवर बोलताना माझा आवाज चढतो. मग तिथे, त्या ओसरीत, माझा हात का उचलला नाही? उचलला नाही, एवढं खरं. उषाबाईंना कळलं. त्यांनी पेला परत तांब्याजवळ ठेवला, आणि थोड्या वेळाने विचारलं, "भाऊ, गाडीला किती घागरी लागतील?"

दोन लागल्या. दोन्ही घेतल्या मी.

मावशीच्या गावापर्यंत आई एकदाच बोलली, "तुला काय झालतं?" मी म्हटलं, तहान नव्हती. ती खिडकीबाहेर बघत बसली.

पण मी ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते अजून पुढेच आहे. जूनमध्ये शाळा उघडली आणि मी वाघमारे सरांना गाडी तापल्याचा किस्सा रंगवून सांगत होतो. त्यांनी सहज विचारलं, "मग पाणी-बिणी घेतलं की नाही त्यांच्याकडं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मी घेतलं की. दोन तांबे प्यायलो. पण आमची आई... जुन्या वळणाची हो. नको म्हणाली. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं."

आईचे दोन तांबे मी घेतले आणि माझा नकार तिला दिला. कळतंय का तुम्हाला मी काय केलं ते? वाघमारे सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या सर, जुनी माणसं." तिने जे केलंच नव्हतं त्याबद्दल त्यांनी माझ्या आईला माफ करून टाकलं, आणि मी ती माफी तिच्या वतीने घेतलीसुद्धा.

एकदा सांगितलं की पुढे सोपं जातं. शाळेच्या एका कार्यक्रमात मी हीच गोष्ट भाषणात घातली. मागच्या पिढीच्या मनातली जळमटं वगैरे. टाळ्या पडल्या. माझी मुलगी स्नेहल तेव्हा आमच्याच शाळेत नववीला होती. ती पहिल्या रांगेत बसली होती.

संध्याकाळी मी अंगणात बोनेट उघडून कूलंटची बाटली बघत होतो. आई पायरीवर वाती वळत बसलेली. स्नेहल तिच्यासमोर उभी राहून विचारत होती, "आजी, तू त्या बाईंचं पाणी का नाही प्यायलीस?"

मला ऐकू आलं. माझं डोकं बोनेटखाली. आई माझ्याकडे बघत असणार, मला ते पाठीवर जाणवत होतं. मान वर करून एक वाक्य बोलायचं होतं फक्त — 'आजी प्यायली होती गं.' बोललो नाही. कूलंट पुरेसं होतं, तरी मी वाकून बघतच राहिलो. आणि आईचा आवाज आला, "चुकलं माय माझं."

स्नेहल लहानपणापासून आजीजवळ झोपायची. उन्हाळ्यात गच्चीवर दोघींचं अंथरूण एकच. त्यानंतर तिने आपलं अंथरूण वेगळं घातलं. आजीकडून वेणी घालून घेणं बंद केलं. बोलायची, पण कामापुरतं. आई वेणी घालायची वेळ झाली की फणी घेऊन बसायची, थोडा वेळ वाट बघायची आणि फणी ठेवून द्यायची. हे माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं. तिने मला कधी जाब विचारला नाही. लेकीच्या नजरेत मी पडू नये म्हणून ती स्वतः पडली, आणि तशीच राहिली. आज स्नेहल मला मानते, माझ्याशी मोकळेपणाने बोलते, मित्रमैत्रिणींना कौतुकाने माझ्याबद्दल सांगते. हे सगळं आईने दिलेलं आहे. मी रोज मनातल्या मनात तिचे आभार मानले. मोठ्याने एकदाही नाही.

मागच्या वर्षी आई गेली. स्नेहल पुण्याहून आली. भेटायला येणाऱ्यांत एक दिवस दारात उषाबाई उभ्या होत्या. एसटीने आल्या होत्या. स्नेहल आत पाणी आणायला गेली तेव्हा त्यांनी मला सांगितलं — आई बहिणीकडे एसटीने जायची ना, तेव्हा दर वेळी त्यांच्या फाट्यावर उतरायची. त्यांच्या ओसरीत बसायची, चहा घ्यायची, दोघी गप्पा मारायच्या, मग मागच्या गाडीने आई पुढे जायची. "लय जीव होता माज्यावर," उषाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. माझ्या आईला एक मैत्रीण होती! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू? आमच्या घरात तिच्या मांडीवरून जे निघून गेलं होतं त्यातलं थोडं तरी तिला त्या ओसरीत मिळत होतं. मी उषाबाईंच्या पाया पडायला हवं होतं. आधी एका घागरीसाठी, मग दुसऱ्या घागरीसाठी, आणि मग यासाठी.

स्नेहल पाणी घेऊन आली. उषाबाई प्यायल्या. त्या वालूरकडच्या, हे कळल्यावर स्नेहलने ओळखलं. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि हात जोडून म्हणाली, "मावशी, आजीनं तेव्हा तुमच्याकडचं पाणी नाकारलं होतं. तिच्या वतीनं मी माफी मागते."

उषाबाई गोंधळल्या. "कुनी? मोठ्या मायनं? अगं बाई, त्या तर पहिल्या दिशीच—"

"नंतर बदलली होती आई," मी मधेच म्हणालो. "शेवटी शेवटी खूपच बदलली होती."

आई जाऊन चार दिवस झाले होते. मला अडवणारं कुणी नव्हतं, मला झाकणारंही कुणी उरलं नव्हतं. तरी मी तेच केलं.

उषाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी त्या मला भाऊ म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "असंल सर. तुमाला जास्त माहीत." पेला खाली ठेवला आणि उठल्या. बाहेर ऊन होतं. मी म्हटलं, थांबा, गाडी काढतो, स्टँडवर सोडतो. "नको," त्या म्हणाल्या, "जाईन मी चालत." मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

स्नेहल, हे तू कधीतरी वाचशील. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही, हाही भित्रेपणाच, त्याला दुसरं नाव नाही. तुझी आजी बदलली नव्हती. ती पहिल्याच दिवशी प्यायली होती, मागून घेऊन, पोटभर. नको म्हणालो तो मी.