बिनस्टिकरची सावली

दुपारचे दोन वाजले की टाकळे अप्पा छत्री घेऊन ऑफिसातून खाली यायचे आणि गाड्यांकडे न बघता जमिनीकडे बघत चालायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांचं काहीतरी पडलंय. पडलेलं काही नसायचं. ते सावली कुठवर सरकली ते बघत असायचे. आमच्या प्रशासकीय इमारतीसमोर कडुनिंबांची एक रांग आहे. सकाळी तिची सावली रस्त्याच्या या अंगाला असते, दुपारनंतर त्या अंगाला जाते. त्यामुळे जेवणाची सुट्टी संपली की अर्धं प्रशासन किल्ल्या घेऊन खाली उतरायचं आणि गाड्या इकडच्या तिकडे करायला लागायचं. हॉर्न, आरडाओरडा, "तुमची आधी काढा", "मी रोज इथंच लावतो" असा सगळा बाजार. अप्पा मधोमध छत्री धरून उभे. कुणी तक्रार घेऊन आलं की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असायचं, "आवं साहेब, सावली काय माझ्या बापाची हाय का?"

मन्मथ टाकळे आमच्या विद्यापीठात मालमत्ता आणि सुरक्षा विभागाचे अधीक्षक होते. पद ऐकायला भारदस्त. काम म्हणजे कुलपं, पाण्याच्या टाक्या, भटकी कुत्री आणि वाहन परवाने. मूळचे औशाचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा भाव. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, त्यांच्यावर ओरडणारेसुद्धा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, विद्यापीठात पार्किंगचं कसलं भांडण? जागा तर मोप आहे, सगळा माळच आहे. पण नांदेडात भांडण जागेसाठी नसतं. मार्च लागला की गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, स्कूटीच्या सीटवर ओला रुमाल टाकल्याशिवाय बसता येत नाही. तेव्हा जो तो झाड शोधतो. झाडाखाली कुणी गाडी लावायची हे ठरवण्यासाठी स्टिकर होती. हिरवं अधिकाऱ्यांचं, निळं कायम प्राध्यापकांचं, पिवळं कर्मचाऱ्यांचं. हे तीन रंग फाटकाच्या आत. ज्यांना रंग नाही त्यांनी फाटकाबाहेरच्या मुरमाड मैदानात, उन्हात. म्हणजे विद्यार्थी, कंत्राटी माणसं, आणि आम्ही.

आम्ही म्हणजे तासिका तत्त्वावरचे. जेवढे तास शिकवू तेवढ्याचं मानधन, आणि सत्र संपलं की ऑर्डरही संपली. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. माझं माहेर बिलोलीचं, सासर नांदेडातलंच. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने मी स्टिकरचा अर्ज घेऊन अप्पांकडे गेले होते. त्यांनी आधी मला खुर्ची दिली, मग माठातलं पाणी दिलं, मग ऑर्डर वाचली.

"मॅडम, एक सांगू का? रागावू नका. तुमचा अर्ज समितीपुढं जाणार, समिती बसणार कधी ते समितीलाच माहीत न्हाई. मग छपाई. स्टिकर हातात येईस्तोवर तुमची ऑर्डरच संपून जातीया."

"मग पुढच्या ऑर्डरवर द्या."

"पुढच्या ऑर्डरवर परत नवा अर्ज." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. "मी हे नियम करून न्हाई राहिलो, मॅडम. मी नुसता सांगून राहिलोय."

मला भयंकर राग आला होता. पीएच.डी. झालेली बाई मी, आणि पदवीधर कारकुनाची गाडी निंबाखाली, माझी स्कूटी उन्हात! आता इतक्या वर्षांनी तो राग उरलेला नाही. म्हणजे आहे, पण रोजचा झालाय.

स्टिकरांचं तर विचारूच नका. ज्यांच्याकडे एक गाडी त्यांनी तीन-तीन स्टिकर नेलेली. एकदा किल्लारीला नात्यातल्या लग्नाला गेले होते, तर तिथं एका काळीपिवळी जीपच्या काचेवर आमच्या विद्यापीठाचं हिरवं स्टिकर! आत माणसं कोंबलेली, वर टपावर दोघं बसलेले. मी परत आल्यावर अप्पांना हे सांगितलं. म्हटलं, हसतील तरी. ते म्हणाले, "कुणाचा मेहुणा हाय, मला ठाऊक हाय. चालू द्या. पोलीस अडवीत नसतील त्याला."

मग जॅमर आले. परवान्याशिवाय आत लावलेल्या गाडीचं चाक जखडून टाकायचं ते पिवळं लोखंड. वरून कडक अंमलबजावणीचे आदेश निघाले. पहिल्याच दिवशी फाटकावरच्या शेखभाईंनी निंबाखालच्या एका बिनस्टिकरच्या मोठ्या गाडीला जॅमर लावला. गाडी निघाली कुणा बड्या माणसाच्या जावयाची. दहा मिनिटांत फोन. जावई शेखभाईंवर आई-बहिणीवरून ओरडतोय, बघ्यांची गर्दी जमलेली. अप्पा छत्री घेऊन आले. शेखभाईंच्या हातातून किल्ली घेतली आणि स्वतः मुरमावर गुडघे टेकून कुलूप काढायला बसले. ते कुलूपही मेलं निघता निघेना. वरून तो जावई बोलतच होता.

गाडी धुरळा उडवत गेली. शेखभाई म्हणाले, "साब, आप क्यूं झुके? मैं खोलता ना."

"तू नियमानं लावलास ना? मग तू कशाला खोलतोस खामखा?" अप्पांनी पँट झटकली. "लावणारानं काढू न्हाई. त्यानं माणूस मोडतंय."

दुसऱ्या दिवसापासून जॅमर स्टोअरमध्ये गेले ते आजतागायत तिथंच आहेत.

त्या पावसाळ्यात अप्पांनी बाहेरच्या मैदानात करंज लावले. रोपवाटिकेतून चांगली कमरेएवढी रोपं आणून, मुरूम फोडून, काळी माती भरून. बागेचा माळी फाटकाबाहेर यायला तयार नव्हता, तेव्हा अप्पांनी आम्हालाच कामाला लावलं. फाटकाशी उभे राहून प्रत्येकाला सांगायचे, "बाटलीत उरलेलं पाणी घरी न्यायचं न्हाई. आपल्या गाडीजवळच्या झाडाला घालायचं." आणि आम्ही घालायचो! पोरंपोरी घालायची, कँटीनचा आचारी घालायचा. माझ्या स्कूटीजवळचं झाड जरा वाकडं होतं. त्याला मी घरून ताकाचं पाणीसुद्धा आणून घातलं. वनस्पतिशास्त्रवाली असून हे असलं करतेय म्हणून नवरा हसायचा.

करंज वाढले. एका मार्चमध्ये स्कूटीवर रुमाल न टाकता मी बसले, आणि खरं सांगते, मला रडू आलं. कुणी काही दिलं नव्हतं, फक्त सीट गार होतं.

पुढच्याच सत्रात तिथं बोर्ड लागला. 'सदर जागा अधिकारी व अभ्यागतांच्या वाहनांसाठी राखीव.' खाली सही टाकळे अप्पांची. आणि आमच्यासाठी आणखी पुढं, पंपहाऊसच्या मागं, नुसता दगडगोट्यांचा तुकडा.

मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले. तास बुडवून गेले. "अप्पा, लाज वाटत नाही तुम्हाला? आम्ही पाणी घातलं त्या झाडांना! तुम्हीच घालायला लावलंत!"

ते उठून उभे राहिले. मी ओरडत होते तोवर उभेच राहिले. मग म्हणाले, "हुकूम माझा न्हाई, मॅडम. पण सही माझी हाय. म्हणून तुम्ही मलाच बोला. अजून काही ऱ्हायलं असंल तर तेपण बोला."

आता अशा माणसाला काय बोलणार? मी बसले. त्यांनी माठातलं पाणी दिलं. पंखा कुरकुरत होता.

"मॅडम, तुम्ही झाडाचं शिकवता," ते एकदम म्हणाले. "मला एक सांगा. कोणत्या झाडाखाली माणूस गाडी लावीत न्हाई?"

मला वाटलं, उन्हानं यांचं डोकं फिरलं. तरी सवयीनं सांगायला लागले. जांभळाचे डाग पडतात, पण ते थोडेच दिवस. चिंचेचा पाला पडतो. सगळ्यात वाईट उंबर. फळं वर्षातून कितीदा तरी येतात, पिकून टपाटप पडतात, चिकट लगदा होतो, किडे होतात, आणि फळांना पाखरं येतात ती वरून आणखी घाण करतात. रंग पार खराब होतो गाडीचा.

"आणि तोडाय गेलं तर?"

"उंबर कोण तोडतंय अप्पा? दत्ताचं झाड."

"हाव," अप्पा म्हणाले. "मलाबी तेच वाटलं होतं. साहेब लोकांच्या गाड्या पांढऱ्या असतात, मॅडम. आपल्या स्कूटीला काय, फडकं मारलं की झालं."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ते मात्र थकल्या आवाजात म्हणाले, "नियम टिकत न्हाई, बोर्ड टिकत न्हाई. जॅमरचं तर तुम्ही बघितलंच. लई बेजार झालो मी. आता पाखरांच्या हवाली करून बघतो."

पंपहाऊसच्या मागं पाण्याचा ओघळ वाहत असायचा. त्या ओलीवर अप्पांनी उंबराची माणसाएवढी रोपं लावली. उद्यान विभागाच्या प्रमुखांनी हरकत घेतली, म्हणे घाण होईल, शोभा जाईल. अप्पा म्हणाले, काढून टाका मग, मी काय अडवतोय? कुणीही हात लावला नाही. उलट एका गुरुवारी कुणीतरी पहिल्या झाडाच्या बुंध्याशी नारळ ठेवून गेलं. मी अप्पांना चिडवलं, "काय अप्पा, लिंगायत असून दत्ताचं देऊळ काढताय?" त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "माझा देव माझ्याजवळ हाय. हा विद्यापीठाचा हाय. त्याला ड्युटी लावलीया."

उंबरं मोठी व्हायच्या आतच अप्पा निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मोठमोठी माणसं बोलली. शिस्त, सचोटी, वगैरे. अप्पांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्यामुळं कुणाची गाडी उन्हात ऱ्हायली असंल तर माफी करा." लोक हसले. मला अजिबात हसू आलं नाही.

पुढं काही वर्षांनी पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी ते औशाहून आले. आता त्यांच्याकडेही स्टिकर नव्हतं. आत सोडतो म्हणणाऱ्या शेखभाईंना नको म्हणाले आणि पुतण्याची मोटारसायकल सरळ पंपहाऊसच्या मागं घेऊन आले. मी नुकतीच स्कूटी लावत होते. उंबरं डेरेदार झाली होती, खाली आमच्या गाड्यांच्या दाट रांगा, सगळीकडे लाल चिखल आणि वर पाखरांचा नुसता कालवा. आम्ही बोलत होतो तेवढ्यात एक पांढरीशुभ्र गाडी सावली बघून आत वळली. ड्रायव्हरनं खाली बघितलं. मग काच खाली करून वर बघितलं. तेवढ्यात बॉनेटवर एक पिकलं उंबर पचकन फुटलं. गाडी आली तशी मागं गेली.

अप्पा तोंडावर हात ठेवून हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, मला त्यांना धरून दगडावर बसवावं लागलं. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. निघताना त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी उंबराच्या मुळाशी ओतलं. झाडाला त्याची काही गरज उरली नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये ते गेले. शेखभाई आणि मी औशाला गेलो होतो. त्यांच्यात बसवून माती देतात. भस्म लावून, बेलपानं वाहून बसवलेले अप्पा अगदी ऑफिसात बसल्यासारखे दिसत होते, कुणीतरी येऊन ओरडेल म्हणून वाट बघत असल्यासारखे. भर दुपार होती. माती टाकून होईपर्यंत सगळे उन्हात उभे होते, आणि शेखभाई मुकाट्याने आपली छत्री त्या खड्ड्यावर धरून उभे राहिले.

त्यानंतरच्या सत्रात मला पुन्हा ऑर्डर मिळाली, पुन्हा तासिका तत्त्वावरच. एक दिवस स्कूटीचं सीट पुसत होते तेव्हा नवे अधीक्षक तिथं आले. तरुण, उत्साही माणूस. हातात फाटकाबाहेरच्या जागेचा नकाशा. बुटाला चिकटलेली फळं दगडावर घासत म्हणाले, "काय अवस्था आहे ही मॅडम! ही झाडं काढून इथं छान शेड टाकता येईल. फरशी करू, नंबर टाकू. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या ना? तुमचं मत द्या, म्हणजे प्रस्ताव पाठवतो."

शेड झाली की बोर्ड कुणाचा लागणार, हे मला नकाशा न बघताही कळत होतं. मी फडकं झटकलं. आयुष्यभर वर्गात प्रमाण बोलीत शिकवलेलं माझं तोंड, त्यातून कसं कोण जाणे, अप्पांच्याच थकल्या सुरात निघालं, "काढा की साहेब. मी कुठं अडवून राहिले? पण दत्ताचं झाड हाय, तेवढं बघा."

त्यांनी वर बघितलं. मग बुंध्याशी ठेवलेल्या नारळाकडे बघितलं. नकाशाची गुंडाळी करून नकळत हात जोडले आणि ते फाटकाकडे चालायला लागले. माझ्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. ते मी घरी नेलं नाही.