पाठीवरचं मीठ

थिएटरात बोलणाऱ्या माणसांना मी हटकतो. अमरावतीत मला दर सिनेमाला काम मिळतं. त्या दिवशी शेजारच्या गृहस्थांना दोनदा हटकलं, त्यांना काडीचा फरक पडला नाही. नांदगाव खंडेश्वरकडचे शेतकरी असावेत. पलीकडे त्यांची लेक, तिच्या पलीकडे बायको. गुडघ्यावर टोपी ठेवून ते पडद्याशी बोलत होते.

सिनेमा दत्तक पोराचा होता. पोराला शेपटी होती. सगळं थिएटर हसलं. यांनी बैलबाजारात पाहावी तशी ती शेपटी निरखली आणि म्हणाले, "चांगली हाये."

पुढे सिनेमातली आई काही केल्या पोराला जवळ घेईना.

"अबे, त्याच्या पाठीले मीठ लाव ना!" यांनी सिनेमातल्या बापाला सांगितलं.

"मीठ?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पोरक्या वासराले दुसरी गाय जवळ करत नाई, सर. मंग त्याच्या पाठीले मीठ चोळा लागते. मिठासाठी गाय चाटते, अन् चाटता चाटता त्याले आपलंच समजते."

लेकीचा पॉपकॉर्नचा हात थांबला.

"बाबा, मले घरी आणलं तवा मले बी मीठ लावलं होतं?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"लावणार होतो. पण मीठ आणेपरेंत तुही माय थांबली कुठं!"

"चूप बसा ना तिघंबी," पलीकडून बायको म्हणाली. "सिनेमा पाहू द्या."

तिसरा मी होतो. चूप बसलो.