खंडेनवमीच्या पाटावरच्या सुऱ्या

गिरीराजच्या सुऱ्या एरवी कपाटात, तेल लावून फडक्यात गुंडाळलेल्या असत. सकवार आत्या त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नसे. लग्न न करता भाचा पगार पोलादात घालतो, यावर ती तरी काय बोलणार? पण यंदा खंडेनवमीच्या सकाळी तीच म्हणाली, "आण तुझीही हत्यारं. घरात आहेत तर पूजा नको?" चाळिशीचा गिरीराज तेवढ्यावर हरखला. घरच्या जुन्या तलवारीशेजारी त्याने सुऱ्या एकेक करून मांडल्या.

दुपारी दोघे मित्र आले. विठोजी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला सोबती. हयवदन कानडी घरातला, पण याच गल्लीत वाढलेला. कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचा, बकाणा भरत विठोजीने मधल्या जपानी सुरीची किंमत विचारली आणि ऐकून कपाळाला हात लावला.

"माझी स्कूटर याहून स्वस्तात आली. आणि ती बायकोला माहेरी तरी पोचवते."

"कापतोस काय हिनं?" हयवदनने विचारलं.

"काही नाही."

"कांदासुद्धा नाही? सरी, ठीक आहे. मग स्वल्प समजावून सांग बाबा, आम्ही अडाणी."

दोघे हसले. गिरीराज मात्र या प्रश्नाची कित्येक वर्षं वाट पाहत होता. एकाला जरी पटलं असतं तरी त्याला पुरलं असतं.

"कारखान्यात मी एक दांडा घासतो," तो म्हणाला. "तो खोक्यात जातो. पुढे कुठल्या यंत्रात बसतो, मला माहीत नाही. ही एका माणसानं पहिल्यापासून शेवटपर्यंत केली. ही पुरी आहे."

"मग नारळही पुरा असतो," विठोजी म्हणाला.

एवढ्यात आत्या ओल्या कुंकवाची वाटी घेऊन आली. तिने तलवारीला बोट लावलं, मग प्रत्येक सुरीला, आपलेपणाने, जाडसर. जपानी पात्यावर ओघळ धारेपर्यंत उतरला. ते गंज धरणारं पोलाद. आणि पूजा झालेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा घरचा नेम.

"हं, पुढे?" हयवदन म्हणाला. गिरीराज बोलत राहिला, पण त्याला दिसत होता फक्त तो ओघळ. कडेने तो काळपट होऊ लागला होता. वाक्य अर्ध्यावर टाकून तो वाकला, सुरी उचलली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसली. मग दुसरी, मग तिसरी.

आत्या वाटी धरून तशीच उभी होती.

"मला ठाऊक नव्हतं रे," ती म्हणाली आणि आत गेली.

विठोजीने कडलेपुरीची ताटली खाली ठेवली. मग चेष्टेचा मागमूस नसलेल्या आवाजात विचारलं, "गिरी, मघाशी काय सांगत होतास? नीट सांग, ऐकतो."

गिरीराजने हातातल्या स्वच्छ पात्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं त्याला काहीच सापडलं नाही.